शिकाऊ डॉक्टर दारी आले, तर…

औरंगपुऱ्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. नोकरीनिमित्त ते शहरात राहतात. आई-वडील पैठण तालुक्यात गावी शेतीवर असतात. ते लिहितात : ‘वैद्यकीय महाविद्यालयाची मुले-मुली आमच्या गावात येतात. गेल्या खेपेस त्यांनी वडिलांचा रक्तदाब मोजला, आईच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, कागदावर आकडे लिहिले आणि आरोग्य केंद्रात जा, असे सांगून ती निघून गेली. एक गोळीही दिली नाही. वडील म्हणतात, ही पोरे आमच्यावर हात बसवून घेतात. तो कागद त्यांनी देवळीत ठेवून दिला आहे. अशा तपासणीचा खरोखर काही उपयोग असतो काय?’

प्रश्न रास्त आहे. थोडक्यात उत्तर द्यायचे तर उपयोग असतो, परंतु तो त्या देवळीत ठेवलेल्या कागदात असतो. कागद तेथेच राहिला तर तपासणी फुकट गेली. कसे, ते पाहू.

ही मुले गावात का येतात?

डॉक्टरने रुग्णालयातील खाटेवरचा रोगी पाहावा, तसा घरातला माणूसही पाहावा, हा विचार आपल्या देशात जुना आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालच्या अहवालात वैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे, असे सुचविले होते. पुढे १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने शिफारशी केल्या आणि १९७७ पासून वैद्यकीय महाविद्यालयांना खेड्यांशी जोडण्याची योजना सुरू झाली.

महाराष्ट्रात या बाबतीत सेवाग्रामचे नाव प्रथम घ्यावे लागते. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये तेथे सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची तुकडी एक गाव दत्तक घेते, गावात शिबिरासाठी राहते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात. आपल्याकडे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे आपल्या घाटीचे, ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र पैठणला आहे. आता तर २०२१-२२ च्या तुकडीपासून देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात ‘कुटुंब दत्तक’ कार्यक्रम आला आहे. पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थी ठरावीक कुटुंबांकडे पुन:पुन्हा जातो.

यातला ‘पुन:पुन्हा’ हा शब्द महत्त्वाचा. एक दिवसाचे शिबिर मांडव उठला की संपते. तेच घर आणि तोच विद्यार्थी असेल, तर मागच्या खेपेचा आकडा आणि या खेपेचा आकडा शेजारी ठेवता येतो. रक्तदाब, मधुमेह किंवा पंडुरोग यांत असा शेजारी ठेवलेला आकडा फार बोलका असतो.

चाळणी आणि निदान

आजाराची काही तक्रार नसलेल्या माणसांतून धोका असणारी माणसे वेगळी काढायची, या तपासणीला आम्ही चाळणी चाचणी म्हणतो. शब्द अगदी चपखल आहे. ज्वारी चाळताना चाळणीत वर राहिलेला प्रत्येक दाणा खडा नसतो आणि खाली पडलेली सगळी ज्वारीही निर्मळ नसते. चाळल्यावर निवडावे लागतेच. तसेच येथे आहे. विद्यार्थ्याने केली ती चाळणी. निवडण्याचे, म्हणजे निदानाचे काम आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचे.

म्हणून चिठ्ठीवरील आकडा जास्त असला तर घाबरू नये आणि ठीक असला तर कायमचे निश्चिंतही होऊ नये.

चिठ्ठीवरचे आकडे

रक्तदाब : १४०/९० किंवा त्याहून जास्त आल्यास तो वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यावा. पुन:पुन्हा तितकाच येत असेल तर उच्च रक्तदाब आहे असे समजतात. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे असेल तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे असे काही असेल तर तत्काळ १०८ ला फोन करावा.

मोजण्याचीही रीत आहे. आधी पाच मिनिटे पाठ टेकवून शांत बसावे. अर्धा तास आधी चहा, बिडी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे. दंड हृदयाच्या पातळीत, कशावर तरी टेकलेला असावा आणि मोजताना बोलू नये. शेतातून चालत आलेल्या माणसाचा ओट्यावर उभ्या उभ्या घेतलेला रक्तदाब भरवशाचा नसतो. विद्यार्थी गडबडीत असेल तर ‘बाळ, पाच मिनिटे बसू दे, मग मोज,’ असे खुशाल सांगावे. चांगला विद्यार्थी त्याने रागावणार नाही.

साखर : बोटाच्या थेंबावरून केलेली तपासणी ही चाळणीच. जेवणाची वेळ न पाहता केलेल्या तपासणीत १४० च्या वर आकडा आला तर पुढे शिरेतील रक्ताची तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आणि ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, हे मधुमेहाचे आकडे होत. तेही पुन्हा तपासून पक्के करतात.

रक्तातील लोह : गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा आणि गरोदर स्त्रीचे ११ पेक्षा कमी असेल तर तो पंडुरोग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे शंभरांत सुमारे ५४ स्त्रियांना तो आहे. ‘बाईमाणसाला थकवा यायचाच’ असे म्हणून आपण ज्याकडे दुर्लक्ष करतो, ते पुष्कळदा हेच असते.

तोंड : तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय असणाऱ्यांनी तोंड उघडून दाखवण्यास संकोच करू नये. गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट सहन न होणे, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, ही लक्षणे वेळेवर कळली तर पुष्कळ काही करता येते. अशी चिठ्ठी मिळाल्यास घाटीत किंवा आमखास मैदानाजवळील शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवावे.

गोळी का दिली नाही?

वडिलांचा खरा राग येथे आहे. परंतु गोळी दिली नाही, हेच त्या मुलांनी योग्य केले. एक तर विद्यार्थ्याला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. दुसरे असे की, एका मोजणीवरून रक्तदाबाची गोळी सुरू करावयाची नसते. आणि तिसरे, ही औषधे ताप-खोकल्यासारखी चार दिवसांची नसून बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. शिबिरात आठ दिवसांच्या गोळ्या वाटल्या आणि नवव्या दिवशी त्या संपल्या, तर रोग्याला वाटते, आपण बरे झालो. मी असे रोगी पाहिले आहेत. गोळ्या सोडल्याला वर्ष झालेले असते, दुखत-खुपत काही नसते आणि एके सकाळी उजवा हात उचलत नाही. हातावर पोट असलेल्या घरात कर्ता माणूस असा अंथरुणाला खिळला, की मुलाची शाळा सुटते, बैल विकले जातात. उच्च रक्तदाबाचे वाईट हेच, की तो आधी सांगून येत नाही.

औषध मिळण्याची कायमची जागा म्हणजे उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. ग्रामीण भागातील ही केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत. औरंगपुऱ्यातील वाचकांच्या डोळ्यांसमोर त्या परिषदेची इमारत रोज असते, पण तिचा आपल्या गावच्या बापाच्या रक्तदाबाशी संबंध आहे हे सहसा ध्यानात येत नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व साखरेची तपासणी आणि तोंडाची पाहणी या केंद्रांमार्फत व्हावी असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही त्यात आहे. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. गावची आशाताई कोणत्या दिवशी कोठे जायचे ते सांगू शकते.

आरोग्यशिक्षण चुलीपर्यंत जावे

ही मुले आणखी एक काम करतात, ते म्हणजे सांगण्याचे. हे काम मोजण्यापेक्षा अवघड आहे. ‘मीठ कमी खा’ हे वाक्य ओट्यावर बसलेल्या काकांना सांगून उपयोग नाही. भाजीत मीठ टाकणाऱ्या मावशींना ते सांगावे लागते. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढेच मीठ पुरे. यात लोणचे, पापड, ठेचा, खारे शेंगदाणे यांतलेही मीठ धरायचे. भाकरीबरोबर भाजीच नसेल तर माणूस ठेचाच खाणार, हेही विद्यार्थ्याने त्या घरात बसून पाहावे. पुस्तकात ते नसते.

लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. शौचाला काळे होते म्हणून अनेक बायका गोळ्या टाकून देतात. काळे होणे स्वाभाविक आहे, एवढे आधी सांगितले तरी गोळ्या पोटात जातात. गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. जेवताना पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह शोषले जाण्यास मदत होते.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी बारा वाजता गावात गेलात, तर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच भेटतील. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. स्त्रियांशी आडोशाला, विद्यार्थिनीमार्फत बोला. आणि एकाच्या घरातला आकडा शेजारच्या घरात सांगू नका.

घरच्यांनी काय करावे?

पत्रलेखकांना आणि गावी माणसे असलेल्या सर्वच वाचकांना माझे सांगणे असे :

१. चिठ्ठी फेकू नये. एका वहीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या-नव्या सर्व चिठ्ठ्या तारखेप्रमाणे ठेवाव्यात.

२. आकडा जास्त असेल तर एक-दोन आठवड्यांत आरोग्य केंद्रात नेऊन पुन्हा तपासून घ्यावे. म्हातारी माणसे एकटी जात नाहीत, कोणी तरी सोबत जावे.

३. ऊसतोडणीला किंवा कामासाठी परजिल्ह्यात जाणाऱ्यांनी ती पिशवी बरोबर न्यावी. चिठ्ठी असली की तिकडच्या आरोग्य केंद्रातही पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

४. सुरू झालेले औषध बरे वाटते म्हणून स्वत:च्या मनाने बंद करू नये.

५. पुढच्या खेपेस विद्यार्थी आला की मागची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवावी आणि ‘आम्ही जाऊन आलो, डॉक्टरांनी असे सांगितले,’ हे त्याला सांगावे.

पाचव्या सूचनेचे महत्त्व कमी मानू नये. पोरे आमच्यावर हात बसवून घेतात, हे वडिलांचे म्हणणे खोटे नाही. कोठे तरी हात बसल्याखेरीज डॉक्टर तयार होत नाही. पण सांगितलेले लोकांनी केले की नाही, केले नसेल तर का केले नाही, हे ज्या विद्यार्थ्याला दोन-तीन वर्षे एकाच घरातून कळत राहते, तो पुढे कोणत्याही गावी गेला तरी चिठ्ठी लिहून मोकळा होणार नाही. येत्या रविवारी गावी जाणे झाले, तर आधी देवळीतला तो कागद काढावा, त्यावरची तारीख पाहावी आणि सोमवारी वडिलांना घेऊन आरोग्य केंद्र गाठावे.