आधी भिंतीला विचारा




काही वर्षांपूर्वी शाळेच्या आवारातील एका जुन्या चिऱ्याच्या भिंतीचा चुना सुटू लागला. आम्ही चांगल्या हेतूने तो खरवडून काढला व वर सिमेंटचा गिलावा करवून घेतला. दोन पावसाळे गेले आणि गिलावा फुगला, आतले चिरेही पिठासारखे झडू लागले. चूक गवंड्याची नव्हती, आमची होती. भिंत कशाची आहे, हे आम्ही विचारलेच नव्हते.

चिरा सच्छिद्र असतो. तो पावसात पाणी पितो व उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा ही वाफ बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती अडवते. मग ओल आतच राहते, पाण्यातील क्षारांचे स्फटिक बनतात व दगड आतून फुटतो.

अशी चूक मोठमोठ्या ठिकाणीही झाली आहे. अजिंठ्याची चित्रे जपण्यासाठी निजाम सरकारने 1920 साली इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी गळणारे रंग सावरले, पण चित्रांवर लाखेचा थर दिला. तो पुढे पिवळा पडला व त्यावर धूळ बसली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर फार सांभाळून काढावा लागला.

वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आहेत, असे याच खात्याच्या एका निवृत्त रसायनतज्ज्ञाने व औरंगाबादच्या विद्यापीठातील एका वनस्पतिशास्त्रज्ञाने 2016 साली दाखवून दिले. या मिश्रणामुळे कीड दूर राहिली असावी, असे त्यांचे मत आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळली नाही, आणि तेथे किडीने चित्रांचे बरेच नुकसान केले आहे. हे संशोधन ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. जनतेच्या पैशातून चालणाऱ्या संशोधनाचा लाभ हाच, की ते एका मालकाच्या तिजोरीत राहत नाही. खेड्यातील शाळेलाही ते वाचता येते.

आपल्या पेडणे तालुक्यात मोरजीच्या श्री मोरजाई मंदिरात कावी कला आहे. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर देऊन, तो ओला असतानाच कोरून ही चित्रे काढतात. अशा भिंतीवर ऑइल पेंटचा एक हात फिरला, की पिढ्यांचे काम एका दुपारी झाकले जाते. शेजारच्या डिचोली तालुक्यात, छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 साली ज्याचा जीर्णोद्धार केला, त्या नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वर मंदिराचे काम गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने केले व 2023 साली ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. म्हणजे जाणकार दूर नाहीत, विचारण्याचीच उणीव आहे.

म्हणून विश्वस्तांना व पालकांना आमची नम्र विनंती आहे. देऊळ, जुने घर वा तुळशीवृंदावन दुरुस्त करण्यापूर्वी पणजीच्या पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा. विद्यार्थ्यांनी या सुट्टीत आपल्या वाड्यावरील एका जुन्या भिंतीचे चित्र वा फोटो काढून आणावा आणि ती कशाची बांधली आहे, हे घरातील आजी-आजोबांना विचारून लिहावे.

आमची ती भिंत आता पूर्वीसारखी होणार नाही. निदान तुमची वाचावी.

आपले,
मुख्याध्यापक