जुन्या सायकलींचे दप्तर

जुन्या वस्तूंचा नाद असलेली मंडळी एकत्र बसली की पहिला प्रश्न नावाचा निघतो, आणि सायकल समोर उभी असेल तर तो निघाल्यावाचून राहतच नाही: ही रॅले की हर्क्युलिस, हंबर की फिलिप्स, विलायती की देशी? जिज्ञासा स्वाभाविक आहे. परंतु मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींत, जिथे पाऊणशे वर्षांच्या वापरात एकेका सायकलीचे अवयव वारंवार बदलत गेले आणि मूळचा म्हणावा असा केवळ सांगाडा, तोही नेहमी नव्हे, शिल्लक राहिला, तिथे हा प्रश्न सर्वांआधी विचारला तर पुढची सारी चर्चा आडवाटेला लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या सायकलींच्या शौकिनांनी आपल्या बोलण्याची व्यवस्था कशी लावावी, कोणती बाब आधी घ्यावी, कोणती मागाहून, कोणता मजकूर कोणत्या सदराखाली नोंदवावा, हा विषय वरकरणी क्षुल्लक दिसतो. पण ही व्यवस्था नसेल तर दर बैठकीत तेच वाद नव्याने होतात आणि मागच्या वेळी हाती आलेली माहिती कोणाच्याच संग्रही राहत नाही.

ब्रिटनमध्ये या कामाची एक सुस्थापित पद्धत आहे. तिथला व्हेटरन-सायकल क्लब १९५५ सालचा. त्या संस्थेत एकेका कारखान्याच्या सायकलींचा खास व्यासंग केलेले सभासद असतात, आणि ज्या कारखान्याविषयी पृच्छा आली असेल त्या कारखान्याच्या जाणकाराकडे ती रवाना होते. नावांनुसार केलेली ही विभागणी तिथे शोभून दिसते, कारण तिथे कारखान्यांच्या छापील सूचिपुस्तिका अभ्यासकाला मिळतात आणि पुष्कळशा सायकली, स्वार म्हातारा झाल्यावर, अंगावरच्या सर्व जिनसांसह अडगळीच्या खोलीत विसावलेल्या असतात. आपल्याकडे सायकलीला अशी विश्रांती क्वचितच लाभली. चालवता येईल तोवर ती चालवली गेली, आणि चालेनाशी झाली तेव्हा मिस्त्रीने तिचे हँडल एकीला, चिमटा दुसरीला आणि मागचे चाक तिसरीला बहाल करून तिचा संसार वाटून टाकला.

नावाचा दाखला आपल्याकडे कमकुवत ठरतो याचे दुसरे कारण या धंद्याच्याच इतिहासात आहे. स्वातंत्र्यापूर्वी नॉटिंगहॅमची रॅले आणि बर्मिंगहॅमच्या हर्क्युलिस, फिलिप्स, बी.एस.ए. या सायकली जहाजाने येत. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्वस्त जपानी मालही त्यांच्या जोडीला आला. आणि मुंबईत हिंद सायकल्सचा देशी कारखानाही स्वातंत्र्याआधीच निघाला होता. पुढे सरकारने देशी उद्योगाला संरक्षण दिले, आयात आखडत गेली, आणि विलायती कंपन्यांनी इथल्या भांडवलाशी भागीदारी करून आपली नावे इथेच रुजवली. आसनसोलला १९५२ साली सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला. मद्रासजवळ अंबत्तूरला, १९४९ साली स्थापन झालेली टी.आय. सायकल्स ही कंपनी हर्क्युलिस आणि कालांतराने फिलिप्स व बी.एस.ए. या नावांच्या सायकली काढू लागली. सोनीपतची १९५१ची ॲटलास किंवा लुधियानाची १९५६ची हिरो यांच्या जन्मस्थानाविषयी कोणी भांडत नाही. भांडण होते ते या दुहेरी नावांविषयी. समोरच्या नळीवरचा मोनोग्राम पाहून निवाडा करावा, तर तो लहानशा दोन रिबिटांवर टांगलेला असतो, आणि रिबिट काढून दुसरे ठोकणे ही काही फार मोठी विद्या नव्हे.

या भागाचा भूगोलही इथे ध्यानात घेतला पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत नागपूर हीच इथल्या लोकांची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातल्या या मराठी बोलणाऱ्या तहसिली मध्य प्रदेशातच राहिल्या. (२०२३ साली दोहोंचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, हा अगदी अलीकडचा फेरफार.) कचेरी बदलली तरी बाजार आणि सोयरीक नागपूरकडेच राहिली. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या लोहमार्गावर, तर सौंसर नागपूर-छिंदवाडा या तेव्हाच्या अरुंद मार्गावर, जो २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाला. आणि स्टेशनापासून आतल्या खेड्यापर्यंत, किंवा संत्र्याच्या बागेपासून आठवडी बाजारापर्यंत, जे अंतर उरे ते सायकलीने तोडायचे. अशा ठिकाणी सायकल मोडली म्हणून मूळ कारखान्याचा सुटा भाग येईपर्यंत खोळंबून राहणे कोणालाच परवडणारे नव्हते. मिस्त्रीच्या पेटीत जो भाग बसेल तो योग्य, हाच इथला न्याय होता, आणि माझ्या मते तो फारसा चुकीचाही नव्हता.

म्हणून चर्चेची मांडणी नावांनुसार न करता अवयवांनुसार करावी: चिमटा, बीबी, क्रँक, चेनव्हील, हब, रीम, ब्रेक, सीट, मडगार्ड, अशी सदरे पाडावीत, आणि ती मिस्त्री ज्या नावांनी हाक मारतो त्याच नावांनी पाडावीत, कारण उत्तर देणारा बहुधा तोच असतो, आणि इंग्रजी सूचिपुस्तिकेतले शब्द त्याच्यासमोर टाकल्याने त्याची जीभ मोकळी होण्याऐवजी बांधली जाते. प्रत्येक अवयव आपली साक्ष स्वतंत्रपणे देतो. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची मुंडकी कोरलेली असतात, हंबरच्या चेनव्हीलमध्ये पाच मनुष्याकृती फेर धरून असतात, बी.एस.ए.च्या चेनव्हीलमध्ये ती तीन अक्षरेच कापलेली दिसतात. परंतु चेनव्हील क्रँकसह काढता येते. तेव्हा त्याची साक्ष त्याच्यापुरतीच. त्याहून खोल साक्ष बीबीच्या खोक्याची (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्याची), कारण ते सांगाड्याशी डाखलेले असते. इंग्लंडातील सर्वसाधारण सायकलींत त्या खोक्याच्या वाटीला एका इंचात २४ आटे असत, तर नॉटिंगहॅमच्या रॅलेने स्वतःचा वेगळा हिशेब चालवून २६ आटे ठेवले होते. वाटी उतरवून आटे मोजले, की मोनोग्राम काहीही म्हणो, सांगाड्याच्या कुळाविषयी बरेचसे समजते. आणि वाटीभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली निघाली, तर कोण्या मिस्त्रीने परक्या वाटीला आसरा दिला होता हेही उघडकीस येते, ज्याची नोंद मला तरी मूळ आट्यांइतकीच मोलाची वाटते.

हबाचा प्रकार याहून मौजेचा आहे. १९३६ साली निघालेल्या स्टर्मी-आर्चरच्या तीन गतींच्या ‘एडब्ल्यू’ हबवर निर्मितीच्या वर्षाचे आकडे उमटवण्याची चाल होती, त्यामुळे ते आकडे वाचले की शौकीन मंडळी आनंदाने सायकलीचे साल जाहीर करतात. ते साल हबचे असते. सायकलीचे असेलच असे नाही. चाकांच्या आऱ्या मोजणेही फुकट जात नाही: विलायती रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४० आऱ्या असत, आणि २८ इंची चाकाबरोबर आपल्या कारखान्यांनी तोच प्रघात उचलला, इतका की आज इंग्लंडातले हौशी लोक आपल्या जुन्या सायकलींना हिंदुस्थानी टायरही मागवून घालतात. म्हणजे आऱ्यांच्या संख्येने देशी आणि विलायती यांचा भेद होत नाही. मात्र पुढच्या चाकात ४० आऱ्या दिसल्या तर ते चाक मूळचे नसण्याचा संभव बराच. झिलईचाही थोडा उपयोग होतो. १९३०च्या सुमारास निकेलची जागा क्रोमियमने घेतली, आणि युद्धकाळात टंचाईमुळे जिथे एरवी झिलई असायची तिथेही काळा रंग फासलेला माल बाहेर पडला.

अवयवांची तपासणी आटोपल्यावर मग माणसांची जबानी घ्यावी. “ही बाबाच्या लग्नातली हाये, काकाजी,” असे वाक्य या भागात वारंवार ऐकू येते, आणि ते हसण्यावारी नेऊ नये. हुंड्यातल्या सायकल-घड्याळ-रेडिओच्या प्रथेविषयी आपले मत काहीही असो, लग्नाचे साल घरात कोणाच्या ना कोणाच्या लक्षात असते, आणि त्या सालाच्या आगेमागे सायकलीची खरेदी बांधता येते. सायकल कोणी घेतली, कोणत्या गावच्या दुकानातून, आणि पहिली मोठी दुरुस्ती केव्हा व कोणाकडे झाली, एवढे तीन प्रश्न पुरेत. कागद मिळाला तर उत्तम. पावतीवर मध्य प्रांत व वऱ्हाड असे छापलेले असेल तर ती १९५०पूर्वीची धरावी, कारण त्या वर्षी प्रांताचे नाव बदलून मध्य प्रदेश झाले. अर्थात जुने छापील कागद संपेपर्यंत वापरण्याची काटकसर आपल्याकडे कचेरीत आणि दुकानात सारखीच असल्यामुळे दोन-चार वर्षांची सूट द्यावी. नगरपालिकांनी सायकलकरापोटी दिलेले बिल्ले हा आणखी एक भरवशाचा पुरावा, विशेषतः त्यांवर साल असेल तेव्हा. अवयव एक सांगतो आणि घरची आठवण दुसरेच सांगते, असा प्रसंग आला तर दोन्ही जबान्या शेजारी शेजारी लिहाव्यात. एकीला खोटे ठरवण्यासाठी हमरीतुमरीवर येऊ नये. जांब नदीच्या दोन काठांवर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणारी दगडफेकीची गोटमार या भागाला वर्षातून एकदा पुष्कळ झाली.

किमतीची गोष्ट या बैठकीत येऊच देऊ नये, आली तर तिला वेगळी वही आणि वेगळा दिवस द्यावा. ज्याला सायकल विकायची आहे त्याच्या तोंडून तिचे वय वाढते, ज्याला घ्यायची आहे त्याला तिच्यातले दोष अधिक दिसतात, आणि दोघेही प्रामाणिक असले तरी त्यांची साक्ष हितसंबंधाने डागाळलेली असते. ओळख पटवण्याचे काम आणि सौदा ही दोन्ही एकाच बैठकीत चालतात तेव्हा पहिले काम दुसऱ्याच्या सेवेस लागते.

अखंड नमुना कसा दिसतो हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांनी पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली खुले केलेले सायकलींचे संग्रहालय जरूर पाहावे. तुलनेसाठी डोळा तयार होण्यास त्याचा उपयोग होईल. मात्र तिथून परतल्यावर घरच्या सायकलीला तसेच रूप देण्याची जी ऊर्मी येते तिला काही दिवस आवर घालावा. रंगाखाली जुन्या सोनेरी रेघा असतात, चेनकव्हरवर आजोबांनी रंगाऱ्याकडून काढवून घेतलेले नाव असते, सांध्याजवळ फ्रेमचा क्रमांक असतो, आणि पॉलिश पेपरने घासून तयार केलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर नवा काळा रंग चढला म्हणजे ही तिन्ही एका दुपारीत नाहीशी होतात. आधी नोंद पुरी करावी, क्रमांकाचे आणि रेघांचे फोटो काढावेत, मिस्त्रीचे मत त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आणि इतके करूनही सांगाड्याचे कूळ ठरले नाही, तर त्या सदरासमोर ‘अनिर्णीत’ असे लिहून पान तसेच ठेवावे, कारण त्याच सायकलीचे दुसरे चाक किंवा तिची जुनी पावती सौंसरच्या एखाद्या माळ्यावर अजून पडलेली असण्याचा संभव आहे.