राजीनामा लिहिण्यापूर्वी

काळी नदीवरील सुपे धरणाच्या कामाने गणेशगुडीची वसाहत वाढली. ते काम सरले. पुढे येथील कित्येक कुटुंबांनी पर्यटनाचा धंदा धरला. तेव्हा व्यवसाय बदलणे आम्हांस नवे नाही.

परंतु नवे काम शिकत असता जुना मालक म्हणू लागला, "जायचेच आहे ना, मग राजीनामा द्या," तर सावध असावे. आपण नोकरी सोडणे आणि मालकाने कमी करणे यांत कायदा मोठा फरक करतो. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगारास कमी करावयाचे तर एक महिन्याची नोटीस अगर तितका पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. २० वर्षांचे ३०० दिवस झाले! २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत अशा कामगारास नवे कसब शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांच्या वेतनाची तरतूद आहे.

स्वखुशीचा राजीनामा दिला की हे सारे हक्क जातात. पाच वर्षे भरलेल्याची ग्रॅच्युइटी मात्र राहते. म्हणून आमची सभासदांस विनंती, की कागद घरी आणावा, घरच्यांसह वाचावा, जाणत्यास विचारावे आणि मगच सही करावी.