जुने पुस्तक वाचवायचे आहे? रोज एक पान तपासा

झाशीला कधी गेलात, तर किल्ला पाहून झाल्यावर मानिक चौकात जरूर या. जुन्या शहराचा हा गजबजलेला बाजार. इथून जवळच राणी महाल आहे. १८५४ मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा केल्यावर राणी लक्ष्मीबाई किल्ला सोडून याच वाड्यात राहायला आल्या. आज तिथे संग्रहालय आहे आणि जुनी दगडी शिल्पे मांडून ठेवली आहेत. शिल्पे टिकली, पण याच शहरात पुस्तकांचाही एक मोठा संग्रह होता. तो टिकला नाही.

हे आपल्याला कसे कळले? विष्णुभट गोडसे यांच्यामुळे. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरावर कर्ज होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असे कानावर आले. म्हणून १८५७ मध्ये ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजची फौज झाशीत शिरली तेव्हा ते शहरातच होते. कत्तल, आगी, लूट सारे त्यांनी पाहिले. पुस्तकालयाची नासधूस झाली, तेही त्यांनी हळहळत लिहून ठेवले. ‘माझा प्रवास’ हे ते पुस्तक.

पुस्तके गेल्याची बातमीही आपल्याला एका पुस्तकानेच दिली. अशी पुस्तके पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवण्यात तुम्हालाही हातभार लावता येतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत, पदवी लागत नाही. रोजचा अर्धा तास आणि मराठी वाचायची आवड पुरते.

फोटो काढला म्हणजे पुस्तक वाचले का?

शंभर वर्षांपूर्वीचा कागद पिवळा पडतो, कडा तुटतात, वाळवी लागते. म्हणून अनेक ग्रंथालयांनी जुनी पुस्तके स्कॅन करून घेतली. राज्य मराठी विकास संस्थेनेही दुर्मिळ ग्रंथांचे संगणकीकरण केले आहे. पण स्कॅन म्हणजे शेवटी पानाचा फोटो. त्यात एखादा शब्द शोधता येत नाही. आजीला अक्षर मोठे करून हवे असेल तर सगळे पानच मोठे होते आणि ओळ पडद्याबाहेर जाते. अंध वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर अशा पानावर मुके होते.

फोटोतून अक्षरे ओळखणारी यंत्रणा आहे, तिला ओसीआर म्हणतात. नव्या छपाईवर ती बरे काम करते. जुन्या छपाईवर मात्र फसते. शाई पसरलेली असते, खिळा झिजलेला असतो, मागच्या पानाची अक्षरे उमटलेली असतात. मग ‘घर’चे ‘धर’ होते, ‘भात’चा ‘मात’ होतो, ‘वारा’चा ‘बारा’ होतो. रफार उडतो, अनुस्वार गळतो. यातले बरेच शब्द स्वतंत्रपणे बरोबरच असतात, त्यामुळे संगणकाला चूक दिसत नाही. ती माणसालाच दिसते.

एखाद्या संकेतस्थळावर वेडीवाकडी अक्षरे ओळखून टाइप करायला लावत, ते आठवते? २००७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या रीकॅप्चा या योजनेत त्यातले काही शब्द जुन्या पुस्तकांतले आणि वृत्तपत्रांतले असत. संगणकाला न वाचता आलेले शब्द लोकांकडून वाचून घेतले जात होते. म्हणजे नकळत हे काम तुमच्याही हातून झालेले असू शकते!

काम नेमके कसे चालते?

विकिस्रोत हे विकिपीडियाचे भावंड. २००३ मध्ये सुरू झालेले हे खुले ग्रंथालय आज मराठीसह अनेक भाषांत आहे. इथे लेख लिहायचे नसतात, आधी छापलेली पुस्तके अक्षररूपात आणायची असतात.

मोफत खाते उघडा आणि एखादे पुस्तक निवडा. त्याच्या सगळ्या पानांचे आकडे रंगीत चौकोनांत दिसतात. एखादे पान संपादनासाठी उघडले की एका बाजूला स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला ओसीआरने काढलेला मजकूर असतो. दोन्ही ओळीओळीने ताडून पाहायचे आणि मजकुरातली चूक दुरुस्त करायची. ओळीच्या शेवटी जागा नाही म्हणून तोडलेला शब्द जोडायचा. कवितेच्या ओळी मात्र जिथे तुटतात तिथेच तोडायच्या.

रंगांचा अर्थ सोपा आहे. लाल म्हणजे अजून कोणी तपासलेले नाही. पिवळे म्हणजे एकाने तपासले. हिरवे म्हणजे दुसऱ्यानेही पाहून शिक्का मारला. स्वतः पिवळे केलेले पान स्वतःच हिरवे करता येत नाही, कारण आपली चूक आपल्याला सहसा दिसत नाही. एखादा शब्द काही केल्या लागत नसेल, तर अंदाजाने भरू नका. अशा अडलेल्या पानांसाठी निळसर जांभळा रंग आहे. तो लावा आणि पुढच्या पानाकडे वळा.

पहिल्या पानाला कदाचित अर्धा तास लागेल. दहा-बारा पाने झाली की त्या छापखान्याच्या सवयी कळतात आणि हात सुटतो.

दुरुस्त करायचे, पण सुधारायचे नाही

सगळ्यात अवघड भाग हाच. जुन्या पुस्तकात तुम्हाला ‘नाहीं’, ‘कीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार दिसतील, ‘म्हणून’ऐवजी ‘ह्मणून’ दिसेल. शाळेत शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांचा हात लगेच शिवशिवतो! पण थांबा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे आहेत. त्याआधीच्या लेखकाने त्याच्या काळच्या रीतीने लिहिले, त्याची ती चूक नव्हे. छापील पानावर जे आहे तेच उतरवायचे, अगदी छापखान्याची चूक असली तरी. हातांनी पोथ्या उतरवणारे जुने लेखनिकही शेवटी लिहीत असत, की समोर जसे दिसले तसे लिहिले, दोष माझा नाही. नियम तोच आहे.

तो का पाळायचा, हे ‘माझा प्रवास’चीच गोष्ट सांगते. गोडसे भटजींनी हा वृत्तांत १८८३ च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिला. इंग्रज सरकारच्या काळात बंडाबद्दल उघड लिहिणे धोक्याचे होते, त्यामुळे तो १९०७ मध्ये छापला गेला. छापताना वैद्यांनी भाषेत फेरफार केले, काही भाग गाळला, काही घातला. वाचकांनी कितीतरी वर्षे तेच गोडसे भटजींचे शब्द समजून वाचले. वैद्यांनी मूळ हस्तलिखित मात्र फेकले नाही. ते त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिले. त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ मजकूर प्रसिद्ध केला. पुस्तक निघाल्यावर तब्बल ५९ वर्षांनी!

वैद्यांचा हेतू वाईट नव्हता आणि त्यांच्यामुळेच हे पुस्तक लिहिले गेले. पण मूळ प्रत जपली नसती तर भटजींची स्वतःची बोली कायमची गेली असती. म्हणून पान तपासताना आधी पाहा, तुमच्यासमोर कोणत्या साली छापलेली आवृत्ती आहे. १९०७ ची असेल तर १९०७ चेच शब्द ठेवा, दुसऱ्या आवृत्तीतला ‘जास्त बरोबर’ शब्द त्यात घालू नका.

याचा शोधतानाही उपयोग होतो. जुन्या पुस्तकांत ‘झांशी’ असे अनुस्वारासह छापलेले आढळते. तेव्हा शोधताना ‘झाशी’ आणि ‘झांशी’ दोन्ही टाइप करून पाहा.

घरातल्या सगळ्यांचे काम

जुन्या छापखान्यांत एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रूफ तपासायचा. घरीही हे जमते. आजोबांनी स्कॅन वाचावा, नातीने मजकूर पाहावा. कावड, सोवळे, पागा, कोठी हे शब्द आजोबांना ठाऊक असतात आणि कळफलक नातीच्या हातात बसलेला असतो. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना तर मराठी वाचायचे याहून चांगले निमित्त शोधून सापडणार नाही. एका पानात पाच नवे शब्द तरी भेटतातच.

माळ्यावरचे जुने पुस्तक चढवावेसे वाटले, तर आधी हक्क तपासा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी, पुढच्या १ जानेवारीपासून, पुस्तक सर्वांसाठी खुले होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे साहित्य २०११ पासून खुले आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०३० उजाडावे लागेल. अनुवादकाचा आणि नंतर प्रस्तावना किंवा टिपा लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा मोजतात, तोही पाहा. शंका असेल तर आधी तिथल्या जुन्या सदस्यांना विचारा.

झाशीचे ते पुस्तकालय आता परत येणार नाही. पण कपाटात, माळ्यावर, स्कॅनच्या ढिगात अजून कितीतरी मराठी पाने लाल चौकोनात अडकून पडली आहेत. आज रात्री जेवणे आटोपली की त्यातले एक उघडा. पहिली ओळ मोठ्याने वाचा आणि समोरच्या मजकुराशी ताडून पाहा. एक अनुस्वार तरी सुटलेला नक्की सापडेल!