तगाई, अनुदान आणि जोडधंदा : शेतीसाहाय्याच्या परिभाषेचा विचार

शासन शेतकऱ्यास जे आर्थिक साहाय्य देते, त्याचा विचार अर्थशास्त्रज्ञ व शेतीतज्ज्ञ नेहमीच करीत आले आहेत. परंतु हे साहाय्य शेतकऱ्यापर्यंत पोहोचते ते प्रथम शब्दांच्या रूपाने. योजनेचे नाव, तिच्या शर्ती, अर्जाचा नमुना, मंजुरीचे पत्र हे सारे भाषिक व्यवहार होत. आणि पैसा हाती येण्यापूर्वी शेतकऱ्याचा संबंध येतो तो या शब्दांशीच. देणारा कोण, घेणारा कोण, दिलेले परत करावयाचे की नाही, आणि कोणत्या शर्तीवर, यांविषयीच्या काही कल्पना या शब्दांत गृहीत धरलेल्या असतात. त्या कल्पना आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर पडले, तर त्याची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागते. महाराष्ट्रातील शेतीसाहाय्याच्या परिभाषेतील काही प्रमुख शब्द घेऊन हे अंतर कोठे व कसे पडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. तगाई

या परिभाषेतील सर्वांत जुना व लोकांच्या तोंडी रुळलेला शब्द म्हणजे ‘तगाई’. तो अरबी ‘तक़ावी’ या शब्दावरून फारसीच्या द्वारे मराठीत आला. मूळ धातूचा अर्थ ‘बळ असणे’ असा असून ‘तक़ावी’ म्हणजे बळ देणे. मराठीतील ‘कुवत’ हा शब्दही त्याच धातूपासून निघालेला आहे. म्हणजे व्युत्पत्तीने पाहता ‘तगाई’ आणि ‘कुवत’ हे एकाच कुळातले शब्द ठरतात : ज्याची कुवत कमी पडते त्याला ती आणून देणारी रक्कम ती तगाई.

दोन स्वरांमधील ‘क’चा ‘ग’ होण्याची ही प्रवृत्ती याच एका शब्दापुरती मर्यादित नाही. ‘तक़ाज़ा’चे मराठीत ‘तगादा’ झाले. ‘नक़्द’चे ‘नगद’ झाले, व त्यावरून ‘नगदी पीक’ हा शब्दप्रयोग आला. हा बदल सर्वत्र घडलेला नाही. ‘हकीकत’ या शब्दात ‘क’ टिकून राहिला आहे. ‘तगाई’च्या बाबतीत मराठीतील ‘तगणे’ या क्रियापदाचे सान्निध्यही कदाचित उपकारक झाले असावे. ज्याच्या आधारे शेतकरी तगतो ती तगाई, असा संबंध मराठी भाषकाच्या मनात सहज जुळतो. व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने तो खरा नसला तरी अर्थाच्या दृष्टीने तो विसंगत नाही.

या शब्दामागील व्यवहार मात्र कर्जाचा होता. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस धाडलेल्या पत्रातील आज्ञा प्रसिद्ध आहे. ज्याच्या अंगी कसण्याचे बळ आहे, पण बैल नाहीत वा पोटाला धान्य नाही, अशा रयतेस ते पुरवावे, आणि त्याची ऐपत सुधारल्यावर व्याज न लावता केवळ मुद्दल हळूहळू वसूल करावे, असा तिचा आशय आहे. ब्रिटिश अमदानीत १८८३ साली जमीनसुधारणेच्या कर्जाविषयी आणि १८८४ साली शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी कायदे झाले. पहिला विहिरी, बांध यांसारख्या टिकाऊ सुधारणांसाठी होता. दुसरा बी-बियाणे, बैल यांसारख्या चालू गरजांसाठी. या दोन्ही कायद्यांखाली मिळणाऱ्या रकमेस लोक तगाईच म्हणत राहिले; परंतु आता तिच्यावर व्याज होते आणि वसुली महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शके. तगाईमागून तगादा येणार हे शेतकऱ्यास ठाऊक होते. शब्द आणि व्यवहार यांत या ठिकाणी अंतर नव्हते : घेतलेले परत करावयाचे आहे, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता.

२. अनुदान

‘अनुदान’ हा संस्कृत घटकांपासून बनलेला शब्द आधुनिक प्रशासनाच्या गरजेतून रूढ झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नावात तो ‘ग्रँट’ या अर्थी आहे. ठिबक सिंचनाच्या संचावरील अनुदानात तो ‘सबसिडी’ या अर्थी आहे. या दोन कल्पना वेगळ्या आहेत. पहिलीत एखाद्या कार्यासाठी रक्कम सोपविली जाते. दुसरीत एखाद्या वस्तूच्या किमतीचा काही भाग शासन उचलते. मराठी शासनव्यवहाराने दोहोंसाठी एकच शब्द वापरला. ‘अर्थसाहाय्य’ हा पर्याय उपलब्ध असूनही शेतीयोजनांत तो मागे पडला.

बोलीने मात्र हा भेद आपल्या परीने राखला आहे. खेड्यात ‘ट्रॅक्टर सबसिडीवर घेतला’ असे म्हणतात. येथील ‘वर’ हा प्रत्ययसदृश शब्द ‘उधारीवर घेतला’, ‘हप्त्यावर घेतला’ या प्रयोगांतील ‘वर’सारखाच आहे. म्हणजे बोलणाऱ्याच्या दृष्टीने सबसिडी ही मिळालेली देणगी नसून खरेदीची एक रीत आहे. ‘अनुदान’ या शब्दातील ‘दान’ मात्र वेगळी अपेक्षा उत्पन्न करते. दान एकदा दिले की संपले. त्याच्यावर दात्याचा हक्क उरत नाही, व घेणाऱ्याने आधी काही खर्च करावा अशी त्यात अट नसते.

प्रत्यक्षात शेतीविषयक अनुदानांत नेमक्या याच दोन गोष्टी आढळतात. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचे उदाहरण घेता येईल. तीत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के अशा टप्प्यांनी द्यावयाचे ठरले. पुढील टप्पे मिळण्यासाठी लावलेल्या झाडांपैकी बागायतीत किमान ९० टक्के व कोरडवाहू जमिनीत किमान ८० टक्के झाडे जगलेली असणे आवश्यक ठेवले गेले. अटीमागील हेतू उघड आहे : कागदावरच्या बागांस पैसा जाऊ नये. पण ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी झाडे जळतात, आणि त्याच वर्षी शेतकऱ्यास साहाय्याची गरज सर्वाधिक असते.

दुसरे उदाहरण २०२० सालच्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेचे. तीत वैयक्तिक उद्योगासाठी पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असे कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले. उद्योजकाने किमान १० टक्के स्वतःचा हिस्सा घालावा आणि उरलेली रक्कम बँकेकडून कर्जाऊ घ्यावी, अशी रचना होती. अनुदानाची रक्कम उद्योजकाच्या हाती न देता बँकेत स्वतंत्रपणे ठेवावयाची आणि तीन वर्षांनंतर, कर्जखाते नियमित असल्यास, कर्जात वळती करावयाची. म्हणजे ज्याला ‘अनुदान’ म्हटले ते घेणाऱ्याच्या हातात कधी येतच नाही. ते त्याच्या शेवटच्या हप्त्यांचा भार हलका करते. हळद दळण्याची गिरणी घालू पाहणाऱ्या शेतकऱ्याने हा शब्द दानाच्या अर्थाने घेतला, तर भांडवलाचा त्याचा सगळा हिशोब आरंभीच चुकतो.

‘अनु’ या उपसर्गाचा एक अर्थ ‘मागून’ असा आहे. शब्द घडविताना तो अर्थ मनात होता असे म्हणता येत नाही. तथापि अनुदान हे मागून येते, ही वस्तुस्थिती त्या उपसर्गाने योगायोगाने का होईना अचूक सांगितली आहे. पूर्वसंमती, खरेदी, देयक सादर करणे, मोका-तपासणी आणि मग खात्यावर रक्कम, असा हा क्रम असतो. यांतील खरेदीपासून रकमेपर्यंतचा काळ शेतकरी बहुधा दुसऱ्याच्या पैशावर, पुष्कळदा सावकाराच्या वा दुकानदाराच्या पैशावर, काढतो. त्या काळाचे व्याज योजनेच्या कोणत्याही कोष्टकात धरलेले नसते.

३. ‘यापैकी जे कमी असेल ते’

शासननिर्णयांच्या भाषेत ‘देय राहील’, ‘अनुज्ञेय राहील’, ‘कमाल मर्यादेत’ हे प्रयोग वारंवार येतात. त्यांत सर्वांत निर्णायक वाक्यांश ‘यापैकी जे कमी असेल ते’ हा होय. ‘खर्चाच्या ५० टक्के अनुदान’ या शब्दांतील ‘खर्च’ म्हणजे शेतकऱ्याने केलेला खर्च नव्हे, तर शासनाने ठरविलेला मापदंड किंवा प्रत्यक्ष खर्च, यांपैकी जो कमी असेल तो. काल्पनिक आकडे घेऊन हे स्पष्ट करता येईल. एखाद्या शेडचा मापदंड ३ लाख रुपये असेल आणि बांधकामास प्रत्यक्षात ४ लाख रुपये लागले, तर अनुदान २ लाख न मिळता १ लाख ५० हजार मिळते. प्रत्यक्ष खर्चाशी हे प्रमाण ५० नव्हे, साडेसदतीस टक्के पडते. लोखंड व सिमेंट यांचे भाव चढत गेले आणि मापदंड तोच राहिला, की हे प्रमाण आणखी खाली येते. जाहिरातीत मात्र ‘५० टक्के’ हेच अक्षर ठळक राहते. ‘खर्च’ या साध्या मराठी शब्दास येथे नकळत पारिभाषिक अर्थ चिकटला आहे. आणि ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ हा अनोळखी शब्दापेक्षा अधिक फसवा असतो, कारण त्याचा अर्थ विचारावा असे कोणासच वाटत नाही.

योजनांच्या नावांतही हे दिसते. २०१६ सालच्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेचे नाव शासकीय परिपाठास सोडून अगदी बोलीतले आहे, व म्हणूनच ते लोकांच्या ध्यानात राहिले. पण त्या योजनेतही जमिनीच्या किमान क्षेत्राची अट होती व अनुदानाची कमाल मर्यादा ५० हजार रुपये होती. नावातील ‘मागेल त्याला’ आणि निर्णयातील ‘पात्र असेल त्याला’ यांत जे अंतर आहे, तेवढेच अंतर अपेक्षा व अनुभव यांत पडते.

४. लाभार्थी

‘अर्थी’ हे उत्तरपद ‘इच्छिणारा’ या अर्थाचे आहे. विद्येची इच्छा करणारा तो विद्यार्थी. त्या न्यायाने ‘लाभार्थी’ म्हणजे लाभाची इच्छा करणारा. लाभ झालेला नव्हे. प्रशासनात मात्र हा शब्द ज्यास लाभ द्यावयाचा आहे वा दिला आहे त्याच्यासाठी रूढ झाला. परिणाम असा की अर्ज केलेला, निवड झालेला, पूर्वसंमती मिळालेला आणि रक्कम मिळालेला, असे चारही जण ‘लाभार्थी’ या एकाच शब्दात सामावतात. एखाद्या तालुक्यात अमुक इतके लाभार्थी, असे वाचले तर त्यांतील किती जणांच्या खात्यावर पैसे जमा झाले, हे त्या वाक्यावरून सांगता येत नाही. ही केवळ शब्दच्छलाची बाब नव्हे. योजनांच्या यशापयशावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने ही संदिग्धता ध्यानात घेतली नाही, तर त्याचे निष्कर्ष आरंभीच डळमळीत होतात. सिंचनक्षेत्रात ‘लाभधारक’ असा शब्द वापरात आहे. त्यात ‘धारण करणारा’ हा भाव स्पष्ट असल्याने तो पुष्कळच नेमका आहे.

५. जोडधंद्याकडून विविधीकरणाकडे

साहाय्य कशासाठी, हे सांगणारे शब्दही बदलत आले आहेत. ‘जोडधंदा’ हा अस्सल मराठी सामासिक शब्द. मुख्य धंदा शेती. तिला दोन म्हशी, काही कोंबड्या यांची जोड. ‘पूरक व्यवसाय’ या नंतरच्या शब्दात एक सूक्ष्म कबुली आहे : जे पुरे आहे त्याला पूरक लागत नाही, म्हणजे शेती एकटी पुरेशी नाही, हे त्यात मान्य झाले आहे. ‘विविधीकरण’ या शब्दाने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यात मुख्य व गौण हा भेदच उरत नाही. जोखीम अनेक ठिकाणी वाटणे हे त्याचे सूत्र आहे. हा विचार मूलतः गुंतवणूकदाराचा आहे. आणि ‘कृषिव्यवसाय’, ‘कृषिउद्योजक’ या शब्दांनी शेतकऱ्याचे सामाजिक स्थानच नव्याने आखले. २०२० साली सुरू झालेल्या राज्याच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पाच्या नावातही ‘कृषिव्यवसाय’ हा शब्द अग्रभागी आहे. शेतीस उत्तम व व्यापारास मध्यम ठरविणारी जुनी म्हण या दोहोंना वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसविते. नवी परिभाषा शेतकऱ्याने दोन्ही पायऱ्यांवर एकाच वेळी उभे राहावे अशी अपेक्षा करते.

या अपेक्षेत गैर काही नाही. १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली, तेव्हा पडीक व हलक्या जमिनीवर आंबा, काजू, बोर, सीताफळ, डाळिंब यांची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली, आणि विविधीकरण साधू शकते हे दिसून आले. परंतु त्या योजनेची भाषा मजुरीची व रोपांची होती. शेतकऱ्यास ती समजण्यासाठी दुभाष्याची गरज नव्हती. आजच्या योजनांत सविस्तर प्रकल्प अहवाल, खेळते भांडवल, कर्जपात्रता यांची भाषा आहे. ती ज्यास येते तो अर्ज करतो. ज्यास येत नाही तो मध्यस्थ शोधतो. साहाय्याचा ओघ अशा वेळी गरजेकडे न वळता भाषेच्या जाणकारीकडे वळण्याचा धोका असतो.

६. समारोप

शब्द बदलल्याने पाऊस पडत नाही की भाव वाढत नाहीत, हे खरे. तथापि काही सुधारणा भाषेच्या कक्षेत राहूनही शक्य आहेत. अर्जदार, निवडपात्र, संमतिप्राप्त आणि अनुदानप्राप्त अशा चार अवस्थांस चार शब्द योजावेत. अनुदान कामाआधी, कामानंतर की कर्जफेडीच्या शेवटी मिळणार, हे योजनेच्या पहिल्याच परिच्छेदात सांगावे. टक्केवारीबरोबर मापदंडाची रक्कम व शेतकऱ्याने स्वतः उभा करावयाचा अंदाजे पैसा तितक्याच ठळक अक्षरांत द्यावा. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही महाराष्ट्राच्या राज्यकारभाराची भाषा झाली. कारभार मराठीत चालणे ही त्या कायद्याची पहिली पायरी होती. ज्याच्यासाठी तो चालतो त्याला तो कळणे ही दुसरी. तगाईच्या काळी शेतकऱ्यास आपण काय घेतो आहोत हे नीट ठाऊक होते. अनुदानाच्या काळातही ते त्याला ठाऊक असावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.