डंपरचा नवा रस्ता कोणाच्या दारातून?

बाजारपेठेतून धावणाऱ्या खडीच्या डंपरविरुद्ध ओरड झाली की कचेरीतून एक ठरलेला तोडगा निघतो : डंपर गावाबाहेरून वळवा. ऐकायला बरे वाटते. पण गावाबाहेर कोण राहते? बहुतेक गावांत आपली वस्ती, वडारवस्ती आणि खाणमजुरांच्या झोपड्या कडेलाच आहेत. पेठेतली धूळ मग आपल्या चुलीवर येऊन बसते. म्हणून रस्ता वळवण्याआधीच काही गोष्टी समजून घ्याव्यात, असे आम्ही वाचक बंधुभगिनींना सांगू इच्छितो.

फेऱ्या किती?

शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. तेथे लोहखनिज खाणीतून ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर आणि पुढे बार्जमधून बंदरात जाते. बेसुमार खाणकामामुळे २०१२ साली ते बंद पडले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. एका ट्रकात १० टन धरले तर या मर्यादेतही २० लाख फेऱ्या होतात आणि तितकेच ट्रक रिकामे परततात. गावातल्या रस्त्याने हा भार कसा सोसावा? म्हणूनच तेथील लोकांनी वस्ती टाळून जाणारा खास वेगळा रस्ता मागितला. नुसता वळसा आणि वेगळा रस्ता यांतला हा फरक ध्यानात ठेवावा.

वजन आणि धूळ

एक्सलवरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते, असे अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून दिसून आले. बैलगाडीसाठी बांधलेला वस्तीचा रस्ता एका पावसाळ्यात उखडतो तो यामुळेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तेव्हा खाणीच्या तोंडाशी वजनकाटा मागा.

धुळीवर पाणी मारू, असे आश्वासन मिळते. पण उन्हाळ्यात आपल्याच माय-बहिणी हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात, तेव्हा ते पाणी कोठून येणार, हे विचारा. त्यापेक्षा आधी पक्का रस्ता, भरलेल्या गाडीवर ताडपत्री आणि वस्तीजवळ कमी वेग, या मागण्या धरा. हवेतल्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची मर्यादा २००९ च्या मानकानुसार दिवसाला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. ती मोजून दाखवा, असे प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहिता येते.

पोट आणि लेकरे

खाण बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. डंपरचा चालक आणि खडी फोडणारी बाई आपल्यातलीच आहेत. चालकाला फेरीमागे पैसे मिळत असतील तर तो पळवणारच. म्हणून शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गाड्या बंद ठेवताना त्याची मजुरी बुडू नये, हेही मागणीत लिहावे. जड वाहनांना वेळ किंवा रस्ता बांधून देण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ ने सरकारला दिलेला आहे. खाणीमुळे बाधित झालेल्यांच्या आरोग्य व पाण्यासाठी २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठानही आहे. त्या निधीतून आपल्या वस्तीला काय मिळाले, हे विचारणे आपला हक्क आहे.

आता काय करावे?

शिकलेल्या मुलामुलींनी वही घ्यावी. आठवडाभर भरलेल्या व रिकाम्या गाड्या, त्यांची वेळ आणि शाळेच्या तासातल्या फेऱ्या लिहाव्यात. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, आकडा कागदावर राहतो. महिला मंडळाने ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहावे आणि ठराव मंजूर करून घ्यावा. ठरावाची प्रत जोडून तहसीलदार व वाहतूक पोलिसांना अर्ज द्यावा. आणि अर्जाची पोच हातात आल्याशिवाय कचेरीतून उठू नये.