ऐतिहासिक बोलपटांतील लोप : सिद्धगडच्या आझाद दस्त्याचा दाखला

पोथ्यांशीं ज्यांचा संबंध येतो त्यांस प्रक्षेप व लोप हे दोन दोष परिचित आहेत. मागाहून घुसडलेला मजकूर भाषेवरून किंवा शाईवरून बहुधा सांपडतो. लोप सांपडणें कठीण; कारण जें गळालें तें समोर नसतेंच. ऐतिहासिक बोलपटांची परीक्षा आपल्याकडे पोशाख, शस्त्रें व तारखा यांवरून होते, म्हणजे प्रक्षेपापुरतीच होते. त्यांतून कोणतीं माणसें गळलीं हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या शहापुरास लागूनच असलेल्या मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या उदाहरणानें तो येथें मांडतों.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे माथेरानच्या एका गरीब नाभिक घरांत १९१२ सालीं जन्मले. पुढें ते वकील झाले, व १९४२ च्या चळवळींत भूमिगत होऊन त्यांनीं आझाद दस्ता उभारला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणें हें दस्त्याचें मुख्य काम. २ जानेवारी १९४३ रोजीं पहांटे पोलिसांनीं दस्त्यास सिद्धगडाच्या रानांत गांठलें. तेथें भाई कोतवाल व मानिवलीचे हिराजी पाटील यांस मरण आलें. हिराजींचे वडील गोमाजी पाटील हेही दस्त्यांत होते.

या इतिहासावर २०२० सालीं ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी बोलपट निघाला. शीर्षकांत एकच नांव आहे याबद्दल तक्रार नाहीं. जेथें नायक बहुधा राजा किंवा सरदार, तेथें नाभिक घरांतील वकिलाचें चरित्र आलें ही मोठीच भर होय. परंतु दस्ता एकट्याचा नसतो. रानांत राहणाऱ्यांस भाकरी, निरोप व वाटाड्या हीं लागतातच. आणि सिद्धगडाभोंवतालच्या वाटा ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांच्या पायांखालच्या.

यांचीं नांवें गळण्याचें कारण आमच्याच शास्त्रांत आहे. कागद धरलेल्या माणसाचा होतो. न धरलेल्याचा होत नाहीं. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना १९७२ सालीं सुरू झाली. तींत किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास, स्त्रिया व अनुसूचित जाति-जमाती यांस तीन महिन्यांचा, किंवा भूमिगत राहिल्याचा लेखी पुरावा मागितला जाई. सवलत होती खरी. पण जिनें रात्रीं भाकरी पोंचविली आणि जी कधीं पकडलीच गेली नाहीं, तिला तीन महिन्यांचा दाखला कोठून मिळावा? बोलपट लिहिणारा याच कागदांवर विसंबतो, आणि दप्तरांतला लोप पडद्यावर उतरतो.

लोप माणसाच्या पूर्ववृत्ताचाही होतो. रुमानियांत फगराश डोंगरांतून साम्यवादी राजवटीशीं लढलेल्या इऑन गाव्रिला ओगोरानू याच्या टोळीवर २०१० सालीं बोलपट निघाला. हा पुढारी ज्यूद्वेष्ट्या आयर्न गार्डच्या युवक शाखेंतला. तें झांकून त्याचा गौरव केला, असा आक्षेप त्यावर आला. शौर्य खरें असूनही चित्र अपुरें राहूं शकतें.

मग गळलेलीं माणसें कल्पनेनें भरावीं काय? माझें मत असें कीं, भूमिका भरावी, नांव भरूं नये. वाट दाखविणारा अनामिक ठाकूर दाखविणें हें अनुमान होय, व तें योग्य आहे. त्यालाच बनावट नांव, गांव व भाषण देऊन खऱ्या माणसांच्या पंक्तीस बसविणें हा प्रक्षेप. पन्नास वर्षांनीं तो पाड्यावरच्या आठवणींत मिसळेल, आणि तेव्हां कोणताही संशोधक त्यास वेगळा काढूं शकणार नाहीं. शोध्य पाठ कंसांत ठेवण्याची आपली रीत आहे. बोलपटासही श्रेयनामावलींत ‘हें पात्र अनुमानित’ एवढें लिहितां येईल.

संग्राहकांस एक सूचना. जुने कागद म्हणजे मोडी दप्तर एवढेंच धरून आपण निवृत्तिवेतनाचे फेटाळलेले अर्ज रद्दींत जाऊं देतों. त्या अर्जांस जोडलेल्या जबान्यांत, कोणी आसरा दिला व कोणी जेवूं घातलें, हें कधीं कधीं नांवानिशीं सांपडतें. ते घ्यावे, आणि कोणाच्या घरून मिळाले तें मागील बाजूस पेन्सिलीनें नोंदावें, शाईनें नव्हे.